चिठ्ठी कोण फोडतं?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गावांतून कोणी येऊ शकलं नाही, त्यांनी हा मजकूर गावच्या बैठकीत वाचून घ्यावा.)



गेल्या दोन-तीन महिन्यांत गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. आपलं टपाल कोणी मधे फोडून वाचतं का? कुणी म्हणालं, पाकीट आलं ते डिंकाने परत चिकटवल्यासारखं. कुणाला अतिक्रमणाची नोटीस तारीख उलटून गेल्यावर मिळाली. मोर्चाचं कार्ड मोर्चा होऊन गेल्यावर आलं, असंही एका गावाने सांगितलं. काहींचं म्हणणं, हे सीआयडीचं काम. काहींचं म्हणणं, पोस्टमन महिन्यातून दोनदा येतो, त्यात सीआयडी कशाला पाहिजे?

दोन्ही बोलणी आम्ही ऐकली. कार्ड उशिरा आलं म्हणजे ते कोणी वाचलंच, असं नाही. पावसाळ्यात नदी भरली की टपाल अडतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. झुडपाला भूत समजून पळण्यात अर्थ नाही. पण टपाल फोडायचा अधिकार सरकारला आहे, कायद्याने आहे, आणि तो इंग्रजाच्या काळापासून आहे. तो कसा आला, कसा वापरला आणि आपल्यासारख्या माणसांनी त्याच्यापुढे काय केलं, हे आज समजून घ्यायचं आहे. ते समजलं की घाबरायचं कुठे आणि सावध राहायचं कुठे, हे वेगळं करता येईल.

कायदा काय म्हणतो

इंग्रजाने १८७९ साली पोस्टकार्ड काढलं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. गरिबाला पहिल्यांदा दूरच्या माणसाशी बोलणं परवडायला लागलं. कार्ड उघडंच असतं, ते फोडावं लागत नाही. पण बंद लखोट्यात काय आहे, ही सरकारच्या डोक्याला चिंता.

१८८५ साली तारेचा कायदा झाला. १८९८ साली पोस्टाचा कायदा झाला. त्या पोस्टाच्या कायद्यातलं २६ वं कलम लक्षात ठेवा. सार्वजनिक आणीबाणी असेल, किंवा सार्वजनिक सुरक्षितता आणि शांततेसाठी गरज असेल, तर सरकार किंवा सरकारने खास नेमलेला अधिकारी टपाल अडवू शकत असे. आता आणीबाणी आहे की नाही, शांततेला धोका आहे की नाही, हे ठरवणार कोण? त्याच कलमात लिहिलं होतं: शंका आली तर सरकारने दिलेला दाखला हाच शेवटचा पुरावा. म्हणजे सावकाराने कर्ज द्यायचं, वही त्यानेच लिहायची आणि हिशोब बरोबर आहे ही सहीही त्यानेच करायची!

इंग्रज गेला, कलम राहिलं. आपण जे तिकीट लावत आलो ते स्वतंत्र भारताचं, पण २०२४ पर्यंत ते पाकीट ज्या कायद्याखाली गेलं तो १८९८ चा. आपल्या जंगलाचंही तसंच आहे ना? गार्ड आपल्यावर जो गुन्हा लिहितो तो १९२७ च्या कायद्याखाली लिहितो.

शिपायांची पत्रं

१९१४ साली युरोपात पहिलं महायुद्ध पेटलं. इंग्रजाने हिंदुस्थानातून फौज नेली. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १ लाख ३८ हजार हिंदी माणसं गेली. बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. पुष्कळांना लिहिता येत नव्हतं. ज्याला येई तो बाकीच्यांची पत्रं लिहून देई, आणि घरून आलेलं पत्र मोठ्याने वाचून दाखवी. आपल्या गावात मास्तर करतो, तसंच.

त्या आधी वर्षभर, १९१३ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरातून 'गदर' नावाचं पत्र निघायला लागलं होतं. परदेशी गेलेल्या हिंदी मजुरांचं आणि शेतकऱ्यांचं ते पत्र. इंग्रजाची चाकरी सोडा, उठाव करा, असा त्यातला मजकूर. तो कागद शिपायाच्या हातात पडला तर काय होईल, ही सरकारला धास्ती. म्हणून हिंदी टपालासाठी वेगळा सेन्सॉर नेमला. हॉवेल नावाचा अधिकारी त्याचा मुख्य. बुलोन नावाच्या फ्रान्सच्या बंदरात त्याचं ऑफिस. १९१५ च्या मार्चपर्यंत शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. सगळी वाचणं कुणालाच शक्य नव्हतं. मोजकी माणसं त्यातली काही पत्रं वाचत, महत्त्वाच्या मजकुराचं इंग्रजीत भाषांतर करत आणि दर आठवड्याला वर रिपोर्ट जाई.

शिपायांना ठाऊक होतं की पत्र वाचलं जातं. मग ते कसं लिहीत? एकाने घरी लिहिलं ते असं, की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, पण काळी जास्त तिखट. वरवर बघितलं तर वाण्याच्या दुकानातला हिशोब. पण काळी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल म्हणजे गोरे, हे घरच्यांना कळायचं. आमचे लोक खूप मेले, हे त्यात सांगून झालं. भरती होऊ नका, धाकट्याला पाठवू नका, असंही कित्येकांनी आडून आडून कळवलं.

हॉवेलच्याही ते ध्यानात आलं. त्याने रिपोर्टात लिहून ठेवलं, की ही माणसं स्पष्ट काही न बोलता सांगण्यात तरबेज आहेत; आणि 'याच्यावर नीट विचार कर म्हणजे समजेल' अशा अर्थाचं वाक्य पत्रात दिसलं की समजावं, काहीतरी दडलंय. म्हणजे ज्या वाक्याने बापाला सावध करायचं, त्याच वाक्याने सेन्सॉरही सावध व्हायचा.

यातली खरी गोष्ट पुढे आहे. एवढा खटाटोप करून सरकारने बहुतेक पत्रं अडवली नाहीत, जाऊ दिली. मग वाचली कशाला? कारण सरकारला फक्त हेर पकडायचा नव्हता. फौजेचं मन कुठे चाललंय, हे त्याला बघायचं होतं. समोर उभा असलेला शिपाई 'जी हुजूर' म्हणतो. त्याच्या मनातलं सरकारला कळत नव्हतं, म्हणून त्याचं पत्र वाचायचं. आणि नशिबाचा खेळ असा, की ती मूळ पत्रं शिपायांच्या घरी बहुतेक कुठे उरली नाहीत. सेन्सॉरने केलेले उतारे तेवढे लंडनच्या सरकारी दप्तरात राहिले. गरिबाचं मन आज आपल्याला कळतं, ते पाळत ठेवणाऱ्याच्या वहीतून.

आपल्यातली माणसंही त्या लढाईत गेली होती, बंदूक घेऊन नाही, मजुरीला. १९१७ साली संथाल, उरांव, मुंडा, खासी, लुशाई, नागा अशा कितीतरी आदिवासींना मजूर पलटणीत भरून फ्रान्सला नेलं. मयूरभंज संस्थानात संथालांनी त्या भरतीविरुद्ध उठाव केला. त्यांचा निरोप मात्र आडून नव्हता, जाणार नाही असा सरळ होता.

न दिसणारी शाई

आता पोरांना आवडणारा भाग. लिंबाच्या रसात काडी बुडवून कागदावर लिहा. वाळलं की काही दिसत नाही. मग कागद कंदिलाच्या काचेवर धरा. तांबूस अक्षरं उमटतात. रस लागलेली जागा बाकीच्या कागदाच्या आधी करपते, एवढंच त्यातलं गुपित. दुधाने लिहिलं तरी तसंच होतं.

याच लढाईत कार्ल म्युलर नावाचा जर्मन हेर इंग्लंडमधून साधी व्यापाराची पत्रं लिहीत असे आणि मधल्या कोऱ्या जागेत लिंबाच्या रसाने फौजेच्या बातम्या. टपालाच्या सेन्सॉरने कागद गरम करून बघितला. पोलिसांना त्याच्याकडे एक लिंबू सापडलं, त्यात टाक खुपसलेला होता. तेच लिंबू कोर्टात पुरावा म्हणून ठेवलं. १९१५ च्या जूनमध्ये लंडनच्या किल्ल्यात त्याला गोळ्या घातल्या.

भाताच्या पेजेने लिहिलं तर? दवाखान्यात जखमेला लावतात ते आयोडीन त्यावर फिरवलं की अक्षर निळं-काळं होतं. आणि दुसरी एक गंमत: नुसत्या पाण्याने लिहिलं तरी कागदाचे तंतू तिथे ओले होऊन फुगतात. आयोडीनची वाफ दिली की ती जागा वेगळी दिसते. म्हणजे शाई लपली तरी कागदाला झालेली जखम लपत नाही. नंतरच्या काळात सेन्सॉरांनी जांभळ्या उजेडाचे दिवे आणले. काही शाया त्या उजेडात चमकतात.

पाकीट उघडायच्याही दोन तऱ्हा. एक उघड: कडेने कापायचं, वाचायचं, वर छापील चिठ्ठी चिकटवायची आणि शिक्का मारायचा. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या पत्रांवर सेन्सॉरने उघडल्याच्या अशा चिठ्ठ्या लागत. जुन्या घरांतल्या पेट्यांत ती पाकिटं अजून सापडतात. दुसरी तऱ्हा चोरटी: वाफेवर धरून डिंक सैल करायचा, वाचून परत चिकटवायचं. उघड सेन्सॉरला निदान शिक्का असतो. चोरट्याला तोंड नसतं.

हे सगळं सांगतोय ते तुम्ही लिंबाने लिहावं म्हणून नाही. ज्यांच्याकडे मोठ्या देशाचा पैसा आणि शास्त्रज्ञ होते, त्यांचीही शाई पकडली गेली. आपण त्या खेळात पडूच नये.

रेशमावरची पत्रं

१९१६ साली मौलाना उबैदुल्ला सिंधी काबूलमध्ये होते. इंग्रजाविरुद्ध बाहेरच्या राज्यांची मदत उभी करण्याचा त्यांचा प्रयत्न चालला होता. त्यांनी अरबस्तानात गेलेल्या मौलाना महमूद हसन यांच्यासाठी पिवळ्या रेशमी कापडावर पत्रं लिहिली. कापड घडी केलं तर कुरकुरत नाही, अंगरख्याच्या अस्तरात शिवता येतं. एका माणसाने ती हिंदुस्थानात आणली. युक्ती नामी होती. कुठल्या पोस्टात गेली नाहीत, कुठल्या दिव्याखाली धरली नाहीत. तरी ती इंग्रजाच्या हातात पडली. कशी? आणणारा माणूस आपल्या जुन्या मालकाला भेटला. मालक होता मुलतानचा खानबहादूर. त्याला पत्रांचा पत्ता लागला आणि त्याने ती सरकारात जमा केली. धरपकड झाली. महमूद हसनांना माल्टा बेटावर कैदेत ठेवलं.

रेशीम फितूर झालं नाही. ज्याच्यामार्फत निरोप गेला, त्याचं जुनं दडपण फितूर झालं. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्यापुढे मान खाली घातली, त्याच्यासमोर माणूस बोलून जातो. आपल्याकडे सावकाराच्या ओट्यावर काय होतं, ते आठवा.

आंब्याची डहाळी

आता आपल्या लोकांकडे येऊ. कागद नव्हता, अक्षर नव्हतं, तरी निरोप जात होतेच. १८५५ च्या संथाल हूलमध्ये सिदो आणि कान्हू यांचा निरोप सालाच्या डहाळीबरोबर गावोगाव फिरला.

आपल्या गडचिरोलीला लागूनच बस्तर. तिथे इंग्रज सरकारने १९०५ साली दोन तृतीयांश जंगल राखीव करायचं ठरवलं. फिरती शेती बंद, शिकार बंद, जंगलातलं गोळा करणं बंद. वर वेठ आणि दुष्काळ. १९१० साली गावागावांतून आंब्याच्या डहाळ्या, मातीचं ढेकूळ, लाल मिरच्या आणि बाण फिरायला लागले. त्यावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. पण माती आली म्हणजे जमिनीची गोष्ट आहे, आणि बाण आला म्हणजे उठायचंय, हे कोणाला वाचून दाखवावं लागलं नाही. उठावाच्या खर्चाला प्रत्येक गावाने काही ना काही दिलं. हाच तो भूमकाल. नेतानारच्या गुंडाधूरचं नाव त्यात पुढे आलं.

इंग्रजाने फौज पाठवली, गावं जाळली, फटके मारले. फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्यांना ताबा मिळवायला लागला. गुंडाधूर मात्र त्यांच्या हाती लागला नाही. आणि राखीव जंगलाचं काम तात्पुरतं थांबवावं लागलं, ठरवलेलं क्षेत्र जवळजवळ निम्म्यावर आणावं लागलं. ज्या निरोपाला पाकीट नव्हतं, तो फोडायचा कसा? तो एका माणसाकडे नव्हता, सगळ्या गावाकडे होता.

खोटा निरोप

पण तोंडी निरोपालाही दगा आहे. तो दगा आपल्या ठाणे जिल्ह्याने रक्त देऊन शिकलाय.

१९४५ च्या मे महिन्यात झरी गावात वारल्यांची परिषद झाली. वेठबिगार संपली म्हणून जाहीर झालं. ऑक्टोबरात गवतकापणीचा संप सुरू झाला. ५०० पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी. जमीनदारांना ते झोंबलं. त्यांनी वारल्यांत निरोप सोडला, की तलवाड्याला गोदूताईंची, म्हणजे गोदावरी परुळेकरांची, सभा आहे; त्यांच्या जिवाला धोका आहे, लाठ्याकाठ्या घेऊन या. तिकडे पोलिसांना कळवलं, की हत्यारं घेऊन आदिवासी जमताहेत. १० ऑक्टोबरला हजारो माणसं तलवाड्याला आली. गोदूताईंना या सभेचा पत्ताही नव्हता. रात्री पोलिसांनी गोळीबार केला. माणसं हलली नाहीत, कारण ताई येणार, त्यांना टाकून जायचं कसं, एवढंच त्यांच्या मनात. दुसऱ्या दिवशीही गोळ्या चालल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. गोदूताईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा काळ लिहून ठेवलाय. वाचता येणाऱ्यांनी तो गावाला वाचून दाखवावा.

बघा, इथे कोणी पत्र फोडलं नाही. विश्वासच चोरला. माणसं निष्ठेची होती, म्हणूनच फसली. निरोप कोणाचा, हे विचारायची रीत तेव्हा पडली नव्हती. ती रीत आपण पाडली पाहिजे.

आता आपण काय करायचं

१९८६ साली दिल्लीच्या संसदेत पोस्टाच्या कायद्याचं नवं बिल मंजूर झालं. टपाल अडवायची कारणं त्यात आणखी लांबलचक लिहिली होती. वर्तमानपत्रांनी ओरड केली. तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. सही झाली नाही हे चांगलंच, आपलाही त्या बिलाला विरोध होता. पण सही झाली नाही तरी जुनं २६ वं कलम २०२४ पर्यंत जागेवरच होतं, हे विसरू नका.

आपली लढाई जमिनीची आहे. १९७८ च्या मार्चअखेरपर्यंत कसलेल्या जमिनी नावावर करायचा निर्णय सरकारनेच काढला. तो अंमलात आणा, हे आपण दिवसाढवळ्या मागतोय. त्यात लपवण्यासारखं काय आहे? म्हणून आमचं म्हणणं असं:

१. पत्र उघड लिहा, ठळक लिहा. खाली कार्बन घालून दोन प्रती काढा, एक गावात ठेवा. कोणी वाटेत वाचलं तर आपली मागणी आणखी एका साहेबाने वाचली, असं समजा. पण ज्या माणसाला त्रास होऊ शकतो त्याचं नाव, गाव कारण नसताना लिहू नका.

२. कचेरीला जाणारा अर्ज सहीची पोच मिळेल अशा टपालाने पाठवा.  ती पावती आणि सहीची पोच दंडाच्या पावत्यांबरोबर एकाच डब्यात ठेवा. दंडाची पावती सांगते, आपण जमीन कसत होतो. टपालाची पावती सांगते, आपण वेळेत मागितलं. मूळ कागद कधीही टपालाने पाठवू नका, नक्कल पाठवा.

३. नोटीस आली की पाकीट फेकू नका, चुलीत घालू नका. त्यावर टाकलेल्या पोस्टाचा शिक्का असतो, पुष्कळदा पोचलेल्या पोस्टाचाही. दोन तारखा बघा. नोटीस उशिरा मिळाली, हे आपण कितीही ओरडून सांगितलं तरी साहेब ऐकत नाही. शिक्का बोलला की ऐकावं लागतं. पाकीट फोडल्यासारखं दिसलं तर पोस्टमनसमोरच दोघांना दाखवा, तारीख घालून लिहून ठेवा आणि वरच्या पोस्टाकडे तक्रार करा. पोस्टमनशी भांडू नका, तोही आपल्यासारखाच पायी चालणारा नोकर आहे.

४. तोंडी निरोप आला तर तीन प्रश्न विचारा. कोणी दिला? कोणासमोर दिला? कधी दिला? उत्तर पटलं नाही तर दोन माणसं उलट त्या गावी पाठवा. एक बाई आणि एक बाप्या असेल तर चांगलं. तोवर हलू नका. आणि 'हत्यार घेऊन या' असा निरोप आला तर विचारायचीही गरज नाही. तो आपला निरोप नव्हे.

५. एकमेकांवर संशय घेत बसू नका. पाळत ठेवणाऱ्याला चार पत्रं वाचून जेवढं मिळत नाही, तेवढं आपण भावाकडे चोरासारखं बघायला लागलो की मिळतं. शंका असेल तर बैठकीत सगळ्यांसमोर बोला. कुजबुज नको.

हॉवेलने शिपायांची पत्रं वाचली, कारण ती माणसं समोर बोलू शकत नव्हती. आपण समोर बोलतो. हे पत्रक तहसीलदाराच्या टेबलावर जातं, रेंजरच्याही जातं. जाऊ द्या. त्यांनी ते पूर्ण वाचावं, आणि दाव्याचा निकाल लावायचा राहिलाय तो लावावा. आपला निरोप असा पाहिजे, की शत्रूने फोडून वाचला तरी त्यातलं काही कमी होऊ नये, आणि गावातल्या म्हातारीला विचारलं तरी तिने तोच सांगावा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपला पावत्यांचा डबा घेऊन यायचं आहे. यादी तिथेच करू.

कसेल त्याची जमीन! जंगल आमच्या हक्काचं!